उसनं वारं

सुमो आमच्या दारात आली तेव्हा तिचा मीटर 2,61,000 किलोमीटरवर थांबलेला होता. थांबलेला म्हणजे खरोखरच थांबलेला. केबल तुटून किती महिने झाले हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. "धरा की पावणेतीन लाख," तो म्हणाला, आणि आण्णांनी तेवढं धरलं. बैलाचा ओठ वर करून दातांवरून वय सांगणारा हा माणूस. इथं समोरचा सांगेल त्यावर विसंबावं लागतंय, याचं त्यांना वाईट वाटलेलं मला दिसलं.

साल 2004. त्याआधीच्या दुष्काळात आमची खिलारी जोडी छावणीत उभी होती. बोअर आटली, डाळिंबं वाळली, कडबा विकत घ्यायची ऐपत राहिली नाही आणि शेवटी मार्गशीर्षात, जतच्या यल्लमादेवीच्या यात्रेत आण्णांनी जोडी विकली. त्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. आण्णा दरवर्षी तिथं बैल बघायला जायचे, त्या वर्षी दाखवायला घेऊन गेले. येताना त्यांच्या हातात नुसता कासरा होता. जोडीचे पैसे, आईची भिशी आणि पतसंस्थेचं कर्ज असं गोळा करून ही 1997 ची सुमो घेतली. दादा ती वडापला लावणार आणि घर त्यावर चालणार, असा हिशेब.

शहरातल्या वाचकाला वडाप सांगावं लागेल. एसटीची वेळ आणि माणसाची नड जिथं जुळत नाही तिथं एक जीप उभी राहते, भरली की सुटते आणि कुणी हात केला की थांबते. कायद्यात ते बसत नव्हतं आणि आमच्या तालुक्याचं त्यावाचून भागतही नव्हतं. जत तालुका पसरलेला, गावं लांब लांब, मधे माळ. पूर्वेला संख, उमदीच्या बाजूला गेलं की गाडीतलं बोलणं आपोआप कानडीत सुरू व्हायचं. दादा गाडी चालवायचा. मी राजे रामराव महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. तास नसला की मागच्या दाराला लोंबकळत हाका मारायचो, "संख, उमदीऽऽ, बर्री, बर्री". चौदा-पंधरा माणसं आत, टपावर ज्वारीची पोती, कधी एखादं करडू. अमावास्येला गुड्डापूरच्या दानम्मादेवीची भाडी, आषाढात पंढरपूरची, लग्नसराईत तर झोपच नाही.

एक गंमत इथंच सांगतो. सुमो म्हटल्यावर गावात सगळ्यांना जपानी पैलवान आठवायचे. आमच्या दादानं तर मागच्या काचेवर एका पैलवानाचं चित्रच चिकटवलं होतं. ते नाव खरं तर टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडलं. मला हे कळलं तेव्हा मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आसंल. पर गाडी पैलवानच हाय."

पैलवान थकलेला होता. दोन वर्षांत ते लपेना. चढ आला की गाडी तिसऱ्यात, मग दुसऱ्यात, मागं काळा धूर आणि आत माणसं चिडीचूप. एकदा भर उन्हात, टपावर कांद्याची पोती असताना, गाडीनं चढावर अंगच टाकलं. दादा खाली उतरून म्हणाला, "पुरुष माणसांनी जरा चढ चालून घ्या." पुरुष उतरले. तरी गाडी हलेना. मग बाया उतरल्या. त्यातली एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून दादाला म्हणाली, "आरं लेकरा, पैसं बी आमीच द्यायचं आन चालायचं बी आमीच?" सगळे हसले. दादाही हसला. पण त्याच वेळी मागून एक नवी, टर्बोवाली गाडी तेवढीच माणसं घेऊन शिट्टी मारत चढ चढून गेली, आणि दादा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या माणसांतली चार माणसं त्या गाडीत बसली.

तिथून दादाच्या डोक्यात टर्बो शिरला.

टर्बो म्हणजे काय ते मला तेव्हा मेस्त्रींनी सांगितलं. इंजिनातून जो गरम धूर जोरात बाहेर पडतो तो आपण सायलेन्सरमधून फुकट घालवतो. त्या धुराच्या वाटेत एक चक्री ठेवायची. त्याच दांड्यावर पलीकडं दुसरी चक्री. धुरानं पहिली फिरली की दुसरी फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. तो दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, एका बाजूला सहा-सातशे अंशांची आग आणि दुसऱ्या बाजूला माळावरची हवा, आणि मधे त्याला धरून ठेवतो तो तेलाचा एक पातळ थर. "त्येलावर तरंगतंय बग त्ये," मेस्त्री म्हणाले होते. हे वाक्य मी नुसतं ऐकलं, लक्षात घेतलं नाही.

पुढं वाचनालयात बसून मी त्याचा इतिहास काढला. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. सुरुवातीला ते जहाजांच्या आणि मोठ्या डिझेल इंजिनांच्या कामाला आलं. विकायच्या मोटारीत टर्बो बसायला 1962 उजाडलं, आणि डिझेल मोटारीत 1978. म्हणजे जतच्या चढावर ते पोचायला फार उशीर झाला असं काही म्हणता येत नाही. आमच्याकडं पाणीसुद्धा त्यापेक्षा उशिरा पोचलं.

दादाचं म्हणणं सरळ होतं आणि चुकीचं नव्हतं. सुमोचं इंजिन 1948 सीसीचं. 1998 ला सफारी आली तिच्यातही त्याच 1948 सीसीचं इंजिन होतं, फक्त टर्बो लावून. आमच्या इंजिनाची ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्या आत, तिची नव्वदच्या आसपास. भाऊ भाऊच की. मोडीत निघालेल्या गाडीचा टर्बो आणि मॅनिफोल्ड आणला तर आपल्या हेडला बसतो, मिरजेत एकानं बसवलाय, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो आण्णांपुढं बसून हे सगळं बोटांवर मोजून सांगायचा.

आण्णांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मेस्त्री काय म्हनत्यात?"

मेस्त्रींचं गॅरेज म्हणजे जतमध्येच रस्त्याच्या कडेचं पत्र्याचं शेड. माणूस बोलायला कमी. त्यांनी गाडी चालू ठेवायला लावली आणि ऑईल घालायचं झाकण काढलं. तिथून भकाभका धूर यायला लागला, चूल पेटताना येतो तसा. त्यांनी झाकण नुसतं वर ठेवलं तर ते थडथड उडायला लागलं. "बॅक कॉम्प्रेशन," ते म्हणाले. म्हणजे रिंगा झिजल्यात. जो दाब पिस्टनच्या वर राहायचा तो बगलेनं खाली चेंबरमध्ये उतरतोय. मग नोझल काढून एकेका सिलिंडरला गेज लावलं. तीन नंबर बाकीच्यांपेक्षा बराच खाली होता.

"आदी पोट नीट कर, मग छाती फुगव," ते दादाला म्हणाले. बोअर, रिंग-पिस्टन, बेअरिंग, हेडचं काम, सगळं मिळून 40,000 च्या घरात. त्यानंतर टर्बो लाव, मी स्वतः लावून देतो. आणि आणखी एक सांगितलं, बाहेरून सारखी दिसत असली तरी कंपनीनं टर्बोसाठी काढलेलं इंजिन आतून वेगळं असतं, त्यामुळं त्याच्याएवढी ताकद यातून मागायची नाही.

आमच्याजवळ 18,000 होते. आईच्या दुसऱ्या भिशीचे.

इथं कुणीही शहाणा माणूस म्हणेल की थांबायचं, पैसे साठवायचे. पण पतसंस्थेचा हप्ता थांबत नव्हता. इंजिन खोललं की गाडी पंधरा-वीस दिवस उभी. तेवढ्यात ठरलेली माणसं दुसऱ्या गाडीला सवयीची होतात, आणि वडापमध्ये माणूस एकदा गेला की गेला. टर्बो मात्र तीन दिवसांत बसणार होता, 15,000 मध्ये. दादानं मेस्त्रींच्या शेडमध्ये सलग तीन संध्याकाळी जाऊन बसायचं काम केलं. शेवटी मेस्त्री वैतागून म्हणाले, बसवतो, पण यल्लमाची यात्रा झाली की यात्रेच्या पैशातून रिंगा घालायच्या. शब्द दे. दादानं शब्द दिला. मी साक्षीला होतो.

गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं परवानगी लागते, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा कळलं असतं तरी काही फरक पडला नसता, हेही खरंच.

टर्बो आणायला आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. शिवाजी उद्यमनगरचा परिसर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. लेथच्या आवाजात गल्ल्याच्या गल्ल्या बुडालेल्या. जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात टर्बोंचा ढीग होता, गोगलगायींसारखे एकावर एक पडलेले. मेस्त्रींनी बघायचं कसं ते शिकवून पाठवलं होतं. चक्रीच्या टोकाला दोन बोटांनी धरायचं. वर-खाली अगदी किंचित हललं तर चालतं, तेल आलं की तो खेळ भरून निघतो. आत-बाहेर हलता कामा नये. पात्यांची टोकं घरट्याला घासलेली नकोत. आणि हवेच्या बाजूच्या तोंडात बोट फिरवायचं, काळं तेल लागलं तर तो टर्बो तिथंच ठेवायचा. आम्ही अकरा टर्बो हलवून बघितले. दुकानदार कंटाळून चहा प्यायला गेला. बाराव्याला 6,500 मोजले, मॅनिफोल्डला 1,800 वेगळे.

बसवायला तीन दिवस लागले. जुना मॅनिफोल्ड काढताना दोन स्टड तुटले, ते काढण्यात पहिला दिवस गेला. ऑईल प्रेशरच्या स्विचपाशी टी जोडून तिथून टर्बोला तेलाची नळी दिली. तेल जाण्यापेक्षा तेल परत येणं अवघड असतं, हे मला तिथं कळलं. जाताना पंप ढकलतो, येताना ते आपल्या वजनानं खाली चेंबरमध्ये उतरायचं असतं. म्हणून परतीची नळी जाड हवी, सरळ हवी, उताराची हवी, आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. मेस्त्रींनी चेंबर उतरवून भोक पाडलं, निपल वेल्ड केलं आणि मला जाड पाईप आणायला पाठवलं. जाड पाईप महाग होता. त्याच्याच शेजारी एक बारीक होता, साडेतीनशे रुपयांनी कमी. मी तो आणला. दुकानदार म्हणाला "चालतोय की," आणि मी मेस्त्रींना सांगितलं की दुसरा मिळाला नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मेस्त्रींनी पाईपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि अडॉप्टर बनवून तो बसवला.

मग सायलेन्सरचा पुढचा पाईप वेल्डिंगवाल्याकडून वळवून घेतला. हवेचा फिल्टर नवा घातला, कारण आमच्या माळावरची माती पीठासारखी, आणि लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्याला पीठही वाळूसारखंच. शेवटी पंपाचा स्क्रू. नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही, डिझेलही वाढवावं लागतं. मेस्त्रींनी पाव फेऱ्याहून कमी फिरवला आणि त्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली. दाब मोजायला गेज नव्हतं. ते बॉनेटवर कान ठेवून ऐकत राहिले.

"आता दोन गोष्टी," ते दादाला म्हणाले. "चालू केल्यावर लगेच रेस मारायची न्हाय, त्येल वर चढू दे. आन लांबून आल्यावर किल्ली लगेच काढायची न्हाय. पन्नास मोज. टर्बो फिरत आसतोय आन तू त्येचं त्येल बंद करतूस. आतलं त्येल जळून कोळसा हुतंय."

पहिल्या दिवशीचा तो चढ मला अजून आठवतो. चौदा माणसं, टपावर पोती. दादानं तिसरा टाकला. आधी काहीच नाही, मग बॉनेटखालून बारीक शिट्टी सुरू झाली, लांबून कुणी बासरी फुंकावी तशी, आणि गाडी खांद्यात ताठ झाली. तिसऱ्यातच चढ संपला. दादानं चौथा टाकला आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. सव्वीस वर्षांचा बाप्या, पण चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. त्या म्हातारीला आम्ही मुद्दाम पुढच्या सीटवर बसवून नेलं. ती म्हणाली, "ह्येच्यात वारं आलंय म्हना की." अंगात येतं ते वारं. आम्ही तेच नाव धरलं. चढ आला की दादा म्हणायचा, "आलं वारं."

आण्णा मात्र शिट्टी ऐकून गप्प बसायचे. एकदा म्हणाले, "बैलाला गूळ चारून एक दीस नांगूर वडतोय." पुढचं बोलले नाहीत.

ते 2006 साल आमच्या घराला चांगलं गेलं. कार्तिक अमावास्येला गुड्डापूरची भाडी, मग यल्लमाची यात्रा. रात्रंदिवस गाडी. दोन हप्ते पुढचे भरले. यात्रा संपली तेव्हा हातात 23,000 होते. मेस्त्रींनी निरोप पाठवला, गाडी कधी सोडतोस? दादा म्हणाला, लग्नसराई झाली की. निरोप मीच घेऊन गेलो. मेस्त्री नट पुसत होते, त्यांनी मान वर केली नाही.

गाडी तेल प्यायला लागली होती. आधी पंधरा दिवसांत अर्धा लिटर, मग आठवड्यात. सकाळी चालू केली की निळा धूर, उन्हाला धरला तर दिसणारा. आज मला त्याचा हिशेब सगळा सांगता येतो. चेंबरमध्ये आधीच झिजलेल्या रिंगांमधून आलेला दाब कोंडलेला. त्या दाबाविरुद्ध टर्बोचं तेल खाली उतरणार, तेही बारीक नळीतून. उतरायला वाट नाही म्हटल्यावर तेल दांड्याच्या सीलमधून हवेच्या बाजूला फुटायचं आणि इंजिन ते हवेबरोबर ओढून घ्यायचं. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की तेल घातलं की गाडी चालते. मागच्या सीटखाली पाच लिटरचा कॅन ठेवला. भरायचं काम माझं. आण्णा पहाटे शेताकडं गेले की मी कॅन काढायचो. कुणी तसं ठरवून सांगितलं नव्हतं, पण आण्णांसमोर तेल घालायचं नाही हे दोघांनाही माहीत होतं. एका रात्री दादानं पंपाचा स्क्रू पांढऱ्या खुणेच्या पुढं आणखी थोडा फिरवला. बॅटरी मी धरली होती.

फेब्रुवारी 2007. अमावास्येचं गुड्डापूरचं भाडं. त्या रात्री आण्णाही गाडीत होते, आईचा नवस होता म्हणून. परतताना रात्रीचे दहा वाजून गेलेले, थंडी होती, सगळे पांघरूण घेऊन पेंगुळलेले. चढावर शिट्टी सुरू झाली. मग ती शिट्टी वाढतच गेली. दादानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिनाचा आवाज उतरेना. उलट चढायला लागला. आरशात बघितलं तर मागं रस्ताच नव्हता, पांढरा-निळा धुराचा डोंगर. दादानं किल्ली फिरवून काढली. किल्ली त्याच्या हातात आणि इंजिन चालूच. डिझेल तुटलं होतं, पण त्याला आता डिझेल नकोच होतं. ते स्वतःचं तेल पिऊन पळत होतं.

दादानं चौथ्यात टाकून ब्रेक दाबला, इंजिन बंद पाडायला. टर्बोच्या ओढीनं क्लच आधीच संपलेला. जळका वास आला, प्लेट घसरली आणि इंजिन सुटलं ते सुटलंच. गाडी थांबली, आवाज मात्र असा की बॉनेट आता फुटणार. बाया ओरडायला लागल्या, "अय्यो यव्वा, निल्लिस्री!" मी दार उघडून एकेकाला अक्षरशः ओढून खाली काढलं. आई सगळ्यात शेवटी उतरली, प्रसादाची पिशवी घेऊन.

दादा स्टेअरिंग धरून तसाच बसला होता. आण्णांनी त्याला दंडाला धरून खाली ओढलं. "बॉनेट उगड," म्हणाले. "वारं कुटनं घेतंय त्ये दाव." दादानं फिल्टरचा रबरी पाईप दाखवला. "काढ त्यो." दादानं क्लिप सोडून पाईप उपसला. आण्णांनी खांद्यावरचं घोंगडं चौपदरी घडी केलं आणि दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून, त्या पाईपच्या तोंडावर दाबलं. पाईप चिपाडासारखा आत ओढला गेला. इंजिन घरघरलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं.

त्यानंतरची शांतता. माळावर रातकिडे, आणि तापलेलं लोखंड टिकटिक करत होतं.

आमच्या विहिरीवर पूर्वी ऑईल इंजिन होतं. माझ्या लहानपणीच ते मोडीत गेलं, मला फक्त त्याचा आवाज आठवतो. "इंजान सुटलं की त्येचं तोंड दाबायचं आसतंय," आण्णा नंतर कुणालातरी सांगत होते. "आमी पोतं दाबायचो." त्या रात्री ते एवढंच म्हणाले की घोंगडं जळलं का बघ.

लोक मिळेल त्या गाडीनं गेले. दादानं सगळ्यांचे पैसे परत दिले. आई आणि एक-दोन बाया रस्त्याच्या कडेला जाळ करून बसल्या. आण्णा वाकून डिपस्टिक काढून बघत होते, बॅटरीच्या उजेडात. कोरडी. मग त्यांनी मागच्या सीटखाली हात घालून कॅन बाहेर काढला, हलवून बघितला. दादाला त्यांनी काही विचारलं नाही. माझ्याकडं वळले.

"किती दीस घालतूयास?"

"तीन म्हैनं," मी म्हणालो.

त्यांनी कॅन खाली ठेवला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. दादाशी मात्र दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखं. याचा मला तेव्हा राग आला होता. दादा गाडीच्या नादात होता, नादावलेल्या माणसाकडून हिशेब कुणी मागत नाही. मी बघणारा होतो.

इंजिन खोललं. तीन नंबरचा पिस्टन चिरलेला, लायनर घासलेला, बेअरिंगची भुकटी. टर्बोच्या दांड्यावर जळलेल्या तेलाचा काळा थर, पाती मोडलेली. मेस्त्रींनी परतीची नळी काढली, तिच्यात काडी घालून बघितलं. काडी मधेच अडकली. निम्मं तोंड कोळशानं बुजलेलं. ती नळी त्यांनी माझ्या हातात दिली आणि पुढच्या कामाला लागले. खर्च 54,000 झाला. आईच्या पाटल्या गेल्या, त्या परत यायला पाच वर्षं लागली. दोन महिने गाडी उभी होती. दादा तेवढे दिवस एका विटांच्या ट्रॅक्टरवर गेला.

इंजिन बांधून झालं तेव्हा मेस्त्रींनी विचारलं, आता टर्बोचं काय? दादा घाईघाईनं म्हणाला, नको, आहे तशीच चालवतो. मला वाटलं आण्णाही तेच म्हणतील. ते शेडच्या दारात उकिडवे बसले होते. बराच वेळ त्या नव्या पिस्टनकडं बघत होते.

"आता लावा," आण्णा म्हणाले. "आता पोट नीट हाय न्हवं?"

मेस्त्री पहिल्यांदाच हसलेले मी पाहिले. दुसरा टर्बो 7,000 ला आणला. या वेळी आण्णा स्वतः कोल्हापूरला आले आणि दुकानात उभं राहून त्यांनी बोटांनी चक्री हलवून बघितली, आत-बाहेर, वर-खाली, बैलाच्या दातांत बोट घालावं तशी. परतीचा पाईप जाड आणला. चेंबरच्या दाबाला मोकळं व्हायला ब्रीदरचा पाईप वेगळा काढून एका डब्यात सोडला, त्या डब्यात जमलेलं तेल दर रविवारी मी ओतायचो. पंपाचा स्क्रू पांढऱ्या खुणेवर. माणसं अकराच्या वर घ्यायची नाहीत, असं आण्णांनी ठरवलं. दादानं ते बरंचसं पाळलं. ती सुमो 2013 पर्यंत चालली आणि विकली तेव्हा शिट्टी मारत गेली.

पन्नास मोजायचं काम आण्णांनी स्वतःकडं घेतलं होतं. लांबून आलं की माणसं उतरायची, पैसे द्यायची, आणि आण्णा गाडीत असले तर पुढच्या सीटवर बसून ओठातल्या ओठात मोजायचे. झालं की दादाला मानेनं खूण करायचे. मग दादा किल्ली काढायचा.

गेल्या वर्षी त्यांना सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं. गाडी माझी, पेट्रोलची, टर्बो वगैरे काही नाही. दारात थांबलो, किल्लीला हात घातला. मागच्या सीटवरून, आईच्या मांडीवर डोकं ठेवलेल्या आण्णांनी डोळे न उघडताच म्हटलं, "थांब जरा." आणि त्यांचे ओठ हलायला लागले. मी हात मागं घेतला.